कुरकुरीची वेळ

प्रिय दादा,

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी हसशील. आठवीत मास्तरांनी हाकललेल्या भावाने एवढी पानं भरलीत म्हणून. हसून घे. फोनच केला असता, पण फोनवर मी तोंड उघडलं की तू ‘पॉझिटिव्ह बोल, पॉझिटिव्ह’ म्हणून सुरू होतोस, आणि मी अजून ‘कसा आहेस’ एवढंही विचारलेलं नसतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण तुझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय म्हटल्यावर वाचल्याशिवाय तू फाडायचा नाहीस, एवढा तुला मी ओळखतो. आमच्या खोलीतला एकजण सुट्टीवर घरी निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तू मागवलंस त्याचं आधी सांगतो. तुझ्या सरांच्या मेळाव्यात वाचायला तुला माझी यशोगाथा हवी आहे. कृतज्ञता, आत्मविश्वास आणि सकारात्मक विचार यांच्या बळावर तुझा धाकटा भाऊ परदेशात कसा पोचला ते एका पानात, सोप्या भाषेत, शेवटी सरांचे आभार. मी तुझ्या सरांना दात म्हणतो, कारण तू पाठवतोस त्या व्हिडिओंत मला दुसरं काही दिसतच नाही. आणि माझ्यानंतर बाबांना स्टेजवर उभं करणार. डोळ्यांचं औषध फेकून देऊन शाळेच्या पोरांची गाडी चालवणारा योद्धा म्हणून. योद्धा हा शब्द तुझा की दातांचा ते ठाऊक नाही. बाबांचा नक्की नाही. बाबा स्वतःला ड्रायव्हर म्हणतात आणि त्यातच त्यांची कॉलर ताठ असते.

तर माझी यशोगाथा अशी आहे. एजंटच्या खोलीत रांग होती. माझ्यापुढे एक पोरगा उभा होता, त्याची इच्छा माझ्या दसपट होती. त्याने नवे बूट घेतले होते, घरच्यांचा निरोपसुद्धा घेऊन आला होता, आणि पुटपुटत होता, मला जायचंच आहे, मला जायचंच आहे. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. नंबर आला आणि तो चक्कर येऊन आडवा झाला. एजंट घाईत होता, माझ्याकडे बोट करून म्हणाला, तू उभा आहेस ना धड, मग तू ये. त्या वेळी मी काय विचार करत होतो तेही सांगतो, म्हणजे मेळाव्यात उपयोगी पडेल. खालच्या गाडीवर गरम काहीतरी मिळेल का, हा विचार करत होतो. ब्रह्मांडाने तथास्तु म्हटलंच असेल तर त्या खाण्याला म्हटलं असणार. बाकी तो पोरगा कशात कमी पडला ते दातांना विचार. विश्वासात कमी पडला म्हणतील. मी तिथे होतो, तो नाश्त्यात कमी पडला.

आणि यश म्हणशील तर ते धुलाईच्या कारखान्यात आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी इथे ट्रॉल्या भरभरून येतात. दवाखान्याच्या चादरींत काय काय गुंडाळून येतं ते तुझ्या मेळाव्यातल्या बायकांना सांगू नको. सुया, पट्ट्या, चष्मे, एकदा तर कोणाची तरी कवळी आली होती आणि आम्ही ती खिडकीत ठेवली, मालक येईल म्हणून. चादरी धुतल्या की ओल्याच रुळांवर जातात. रूळ म्हणजे बसएवढे लांब, आतून तापवलेले लोखंडी गोल, फिरत राहतात. दोघांनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची, कड रुळात द्यायची आणि हात काढून घ्यायचे. पलीकडून चादर कोरडी, कडक, इस्त्री होऊन बाहेर. पुन्हा पुढची. मी इथे टिकलोय याचं तुला कौतुक वाटतं ना, ‘स्थिर झालास’ म्हणतोस. याआधी मासळीच्या थंड गोदामातून पळालो, उंच इमारतींच्या काचा पुसायच्या कामातून पळालो. इथे टिकलो त्याचं कारण आत्मविश्वास नाही. इथे टिकलो ते आमच्या जुन्या मुकादमामुळे आणि कुरकुरीमुळे.

कुरकुर हा आमच्याकडचा रिवाज होता. सकाळी रूळ तापायला लागले की मुकादम चहाचा पेला घेऊन मध्ये उभा राहायचा आणि म्हणायचा, चला, कोणाचं काय दुखतंय, करा कुरकुर. मग एकेकाने कुरकुर करायची. ट्रॉलीचं चाक अडकतंय. तिसऱ्या ड्रमचं दार उशिरा बंद होतंय. पायाखाली पाणी साचतंय. कोणी म्हणालं, सगळं ठीक आहे, की मुकादम चिडायचा. म्हणायचा, सगळं ठीक तुझ्या सासऱ्याच्या घरी, इथे मशीन आहे, तू नीट बघितलं नाहीस, जा, परत फिरून ये. म्हातारा तोंडाचा फाटका होता, पण त्याच्या काळात कोणाला साधा फोड आला नाही. कुरकुरीत आमची मावशी पहिला नंबर. नात्याने कोणाचीच नाही, पण सगळे मावशी म्हणतात. रुळावर माझ्या समोरचं टोक तिचं. ती कुरकुर करायला लागली की मुकादम म्हणायचा, हिचं संपेपर्यंत दुसरा चहा टाका रे. पण तिने सांगितलेलं प्रत्येक काम तो करून घ्यायचा.

मग म्हातारा निवृत्त झाला आणि पांढरे बूट आले. नवा मॅनेजर. धुलाईच्या कारखान्यात जो माणूस पांढरे बूट घालून येतो त्याला काम काय आहे ते कळलेलं नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं. त्याने कुरकुर बंद केली. म्हणाला, सकाळची सुरुवात तक्रारीने केली की तक्रारीच वाट्याला येतात. दादा, शपथेवर सांगतो, शब्द न शब्द तुझाच. मला वाटलं तू इथे वेषांतर करून आलास. आम्ही गोल उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा, प्रत्येकाने एका गोष्टीचे आभार मानायचे आणि मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आज मी सर्वोत्तम आहे. घामाने निथळणारी, झोप न झालेली पंचवीस-तीस माणसं वाफेत उभी राहून सर्वोत्तम आहोत म्हणतायत. ड्रमवरचा एकजण रोज वाफेचेच आभार मानायचा, कारण वाफेत त्याचं तोंड दिसत नाही आणि त्याला हसता येतं. भिंतीवर एक फळा लावला, ‘तक्रारीविना दिवस’, आणि त्यावर रोज वाढणारा आकडा. कोणी तक्रार केली की आकडा पुसून पुन्हा एकपासून. मग तक्रार करणाऱ्याकडे बाकीचे असे बघायचे की जणू त्याने सगळ्यांच्या ताटात माती कालवली. आकडा मोठा झाला की पांढऱ्या बुटांना वरून शाबासकी आणि आम्हाला केक. केक बरा असायचा, खोटं कशाला बोलू.

रुळाच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. चादरीबरोबर बोट आत जायला लागलं तर ते आधी पट्टीला लागतं आणि रूळ जागच्या जागी थांबतात. ती पट्टी जड चालायला लागली होती. मला नव्हतं कळलं, माझ्या टोकाला ती हलकी होती. मावशीला कळलं होतं. नंतर तिनेच सांगितलं. आदल्या दिवशी कोपराने दाबून बघितली होती तिने, आणि रूळ थांबले ते अर्धा फेरा फिरून. जुना काळ असता तर तिने त्या पट्टीवरून मुकादमाचे कान किटवले असते. पण त्या सकाळी आकडा केकाला आला होता. गोल झाला, तिची पाळी आली, आणि दादा, आमची मावशी, जिने हयातभर एका वस्तूला चांगलं म्हटलं नाही, ती छातीवर हात ठेवून म्हणाली, मी माझ्या मशीनची आभारी आहे, ते मला कधी दगा देत नाही. पांढऱ्या बुटांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवत होते. दुपारच्या जेवणाआधी तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. तिची किंकाळी आली तीसुद्धा उशिरा, आधी ती नुसती बघत राहिली, हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा. रूळ थांबवायचं बटण मी दाबलं. वास मी तुला लिहीत नाही.

दवाखान्यात पांढरे बूट फुलं घेऊन आले. फुलांना चिठ्ठी होती, जे वाचलं त्याबद्दल कृतज्ञ राहा. मावशीला वाचता येत नाही, मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ती म्हणाली, त्याला म्हणावं आहे हो मी कृतज्ञ, डावा हात शिल्लक आहे आणि त्याचं थोबाड फार लांब नाही. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. कामावर परतलो तर बाकी सगळं थांबलं होतं, पण फळ्यावरचा आकडा तसाच होता. मी विचारलं, हा पुसायचा राहिला का. पांढरे बूट म्हणाले, अपघात आणि तक्रार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिने तक्रार कुठे केली होती. त्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे, हेच तर सगळ्यात घाण आहे त्यात. तिने तक्रार केली नव्हती.

त्याच आठवड्यात तुझा व्हिडिओ आला. बाबा मध्ये, तुम्ही सगळे गोल उभे. बाबांच्या हातात थेंबांची बाटली. तू मागून सांगतोस, ते म्हणतात, मी आजाराला निरोप देतो, माझी नजर घारीसारखी आहे, माझ्या डोळ्यांचा मी आभारी आहे. मग बाटली टोपलीत टाकायची. टाळ्या. तुम्ही टाळ्या वाजवत होतात म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. बाबांनी बाटली टाकली ती टोपलीच्या बाजूला पडली. टोपली त्यांच्या गुडघ्याला लागून होती. तू पटकन वाकलास, बाटली उचललीस आणि टोपलीत टाकलीस, हसत. म्हणजे तुलाही दिसलंच की. तुला वाकावं लागलं, दादा. वाकताना तुझ्या डोक्यात काय आलं ते मला एकदा सांग, दात बाजूला ठेवून सांग.

तू विसरला असशील तर आठवण करून देतो. मी निघायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाबांना मी नेलं होतं, तू तेव्हा तुझं मोबाइलचं दुकान बंद करण्याच्या गडबडीत होतास. त्या बाई डॉक्टरने बाबांना एका यंत्रात बघायला लावलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की हा काचबिंदू आहे, कडेचं दिसणं थोडं गेलंय, मधलं चांगलं आहे. वाढलं तर नळीतून बघितल्यासारखं होईल. गेलेलं परत येत नाही, पण थेंब रोज घातले तर आहे ते टिकेल. तेवढ्यावर गाडी चालवू शकतील, मात्र थेंब चुकले आणि नजर आणखी आत आली तर त्याच दिवशी गाडी बंद करायची. मी हे सगळं तुला आणि वहिनीला ओट्यापाशी उभं राहून सांगितलं होतं. तू मान डोलावलीस. तेव्हा तुझी मान फक्त डोलायची, बोलायला लागली ती नंतर. आता तू त्या डॉक्टरला नकारात्मक बाई म्हणतोस.

आणि तो दुसरा फोटो. बाबा गाडीला टेकून, अंगठा वर करून. तू खाली लिहिलंस, विश्वासाची ताकद. मी फोटो मोठा करून बघितला. गाडीची एक बाजू पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत खरवडलेली. त्या बाजूचा आरसा दोरीने बांधलाय. बाबांनी आयुष्यात गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, माझ्या सायकलचं हँडल एकदा घासलं तर संध्याकाळभर माझ्याशी बोलले नव्हते. आणि ती बाजू कुठली आहे बघ. दार त्या बाजूला आहे. पोरं त्याच बाजूने उतरतात, आणि उतरलेलं पोर बाटली राहिली, डबा राहिला म्हणून चाकापाशी परत धावतं, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे, कारण सुट्टीच्या दिवशी आपणच मागे बसून पोरांना चढवायचो-उतरवायचो. तिथे बाबांना आता काही दिसत नाही. तिथे नुसतं घारीसारखं आहे.

तुला वाटेल याला जळतंय. थोडं जळतंही. तुझं दुकान बसलं तेव्हा लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले होते, तू उसने पैसे मागशील या भीतीने, आणि मग दातांच्या हॉलमध्ये तू उभा राहिलास आणि पहिल्यांदा अनोळखी माणसांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला समजतं ते. मीसुद्धा मावशीसमोर वाजवल्याच. स्वतःला रोज आरशात सर्वोत्तम म्हण, मला काही त्रास नाही, पायाखालची जमीन सोन्याची आहे म्हण. मला राग याचा आहे की तू बाबांना त्यांना हवं तेच विकलंस. त्यांना थेंबांची भीती नाही, गाडी सुटायची भीती आहे. गाडी सुटली की पोरं ‘काका’ म्हणून ओरडत येणार नाहीत, सकाळी दाढी करायला कारण उरणार नाही. ते कोणालाही म्हणाले नसते, मला दिसत नाही. तू तर त्यांना ते म्हणायची मनाईच करून टाकलीस. घाबरलेल्या माणसाला तू गप्प बसायला शिकवलंस आणि त्याचं नाव विश्वास ठेवलंस. दातांना याचे पैसे मिळतात. तुला काय मिळतं, दादा? तू फुकट करतोस, म्हणून तुझी जास्त कीव येते.

आता पत्र का लिहिलं ते. शाळेच्या मोठ्या बाईंना मी काल फोन केला. गाडीमालकाला करणार होतो, पण तो बाबांचा दोस्त आहे, त्याने बाबांनाच विचारलं असतं आणि बाबा म्हणाले असते, सगळं ठीक. बाईंनी माझा आवाज ओळखला नाही, नाव सांगितल्यावर ओळखलं, आणि आधी म्हणाल्या, वडिलांवर कसला राग काढतोयस का. मी म्हटलं, बाई, त्यांना तुमच्या खुर्चीसमोर बसवा, समोर बघायला सांगा आणि कडेला हात हलवा. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी पहिलं काम तेच करते. म्हणजे तू हे वाचशील तोवर किल्ली बाबांच्या खिशातून गेलेली असेल आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नसेल. बाबा विचारतील, हे कोणी केलं. तू माझं नाव सांग, एकदाही कचरू नकोस, हवं तर माझ्याबद्दल आणखी दोन शिव्या घाल. ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत तरी मी इथे आहे, मला रोज त्यांचं तोंड बघायचं नाही. तुझ्याशी मात्र ते बोलत राहिले पाहिजेत. कारण त्यांना स्वतःचे थेंब स्वतःला घालता येत नाहीत, हात थरथरतो, अर्धे गालावर जातात. मी होतो तेव्हा मी घालायचो, मी निघाल्यापासून किती डोळ्यात गेले देव जाणे. ते खुर्चीत बसतात, डोकं मागे टाकतात, डोळा मिटून घ्यायला बघतात. तेव्हा खालची पापणी अलगद ओढायची, थेंब टाकायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट धरून जरा वेळ गप्प उभं राहायचं. तेवढा वेळ काही बोलू नकोस. चांगलंही नको.

तुझाच,
मेळाव्याला नापास झालेला धाकटा